आत्या यानात बसत नाही

खेळणाऱ्याने करायचं होतं ते एवढंच: आत्याला मागे सोडायचं, यानात बसायचं, लाल दांडा ओढायचा आणि निघायचं. शेंबड्या पोरालाही जमावं असं काम. पण खेळाच्या चाचणीला आलेल्या सतरा माणसांपैकी सोळांनी ते करायला साफ नकार दिला, आणि सतरावा निघाला तो कोपर लागून, चुकून. निघाल्यावर तोही हेडफोन उपटून ओरडला, "अहो, परत फिरवा! आत्या राहिली ना मागे!"

लोणकढेकाका काचेपलीकडून हा तमाशा बघत होते. लोणकढे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. तरुणपणी ते रेडिओसाठी नाटकं लिहीत. एकदा ऑफिसातल्या मंडळींना त्यांनी सांगितलं, की आपल्या एका नाटकात पाऊस असा हुबेहूब वाजला होता की ऐकणाऱ्यांनी गावभर दोरीवरचे कपडे आत घेतले, आणि एका धोब्याने तर रेडिओ केंद्रावर येऊन तक्रार नोंदवली. त्या दिवशी हे आडनाव चिकटलं. काकांनाही ते खऱ्यापेक्षा बरंच वाटे. निदान ते आपल्या कर्तृत्वाने मिळवलेलं होतं.

आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काका व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहीत. चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांत ती कंपनी होती. चार वर्षं तिथे एकच खेळ शिजत होता. अंतराळातला. कुठल्याशा गोठलेल्या ग्रहाभोवती एक जुनाट तळ घिरट्या घालतोय. त्यावर पंधरा माणसं. एक उल्का येते, हवेच्या टाक्या फुटतात. उरलेली हवा पंधरा जणांना नऊ दिवस पुरणार. जवळचं बंदर दोन महिन्यांच्या वाटेवर, म्हणजे जाऊन मदत घेऊन यायला चार महिने. सुटकेचं यान एकच. चौदा जण त्यातून जातात आणि तळाची म्होरकी, जिला सगळे आत्या म्हणतात, ती मागे राहते. खेळणारा हा तिचा भाचा. पुढे तीस तास तो ग्रहोग्रही वणवण करतो, त्याच्या पोटात एकच आग असते: आत्याने आपल्यासाठी जीव दिला.

निदान कागदावर तरी असं होतं. चाचणीला आलेली माणसं त्या तीस तासांपर्यंत पोचतच नव्हती. ती आत्यापाशीच अडून बसत.

पहिल्या मसुद्यात आत्या म्हणायची, "यानात जागा चौदांचीच आहे." हे ऐकून एका नर्सबाईंनी पडद्याकडे बघून मान उडवली. "चौदा म्हणजे पंधरा सहज! सरका रे जरा!" तळावर पेट्या उचलायला क्रेनचा आकडा ठेवलेला होता. बाईंनी तो आत्याच्या पट्ट्यात अडकवला, तिला पोत्यासारखी उचलली आणि यानाच्या दारात नेऊन सोडली. असं कुणी करील हे बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, त्यामुळे उलटी लटकलेली आत्या तशाच धीरगंभीर आवाजात म्हणत राहिली, "जा बाळांनो, माझी काळजी करू नका."

काकांनी मसुदा बदलला. आत्याला हृदयाचा विकार दिला. यानाचा धक्का तिला सोसणार नाही. झालं! लोक तळाच्या दवाखान्यात घुसले आणि कपाटं उपसायला लागले. एका बँकेतल्या गृहस्थांनी पन्नास मिनिटं औषध शोधलं आणि शेवटी चाचणी घेणाऱ्या मुलीलाच विचारलं, "केमिस्ट कुठल्या मजल्यावर?"

तिसऱ्या मसुद्यात आत्याला यानाचं दार उघडं ठेवण्यासाठी तळाच्या आतून एक कळ दाबून धरावी लागत होती. दुसऱ्याच मिनिटाला एका कॉलेजकन्येने त्या कळीवर झाडाची कुंडी ठेवली आणि म्हणाली, "चल आत्या."

मंगळवारी दुपारी बैठक बसली. कंपनीची प्रमुख म्हणजे एकतीस वर्षांची, जेमतेम पाच फुटांची मुलगी. पण तिने भुवई उंचावली की भलेभले बाकावर उभं केल्यासारखे दिसत, म्हणून सगळे तिला 'मोठ्या बाई' म्हणत. तोंडावरसुद्धा.

"काका," मोठ्या बाई म्हणाल्या, "आत्या का येत नाही?"

"सांगते की ती. आधी जागा नव्हती, मग हृदय, मग कळ..."

"ही तीन वेगवेगळ्या बायकांची कारणं झाली."

"लोकांना हल्ली त्याग पटत नाही, बाई."

"त्याग पटतो. जागा नाही हे पटत नाही. जागा नाही हे आजवर कुणाला पटलंय?"

प्रोग्राम लिहिणारा दाढीवाला खुर्ची मागे झुकवून बसला होता. तो म्हणाला, "मी एक अदृश्य भिंत घालतो. यानात पाय ठेवला की मागचा रस्ता बंद. जातात कुठे!"

"भिंतीवर डोकं आपटत बसतील," काका म्हणाले.

"आपटू देत. डोकं फुटत नाही, मी तपासलंय."

"तुझं तपासलंस की भाच्याचं?"

मोठ्या बाईंनी भुवई उंचावली. दाढीवाल्याने खुर्ची सरळ केली.

"गुरुवारी पाच नवी माणसं बोलावली आहेत," त्या म्हणाल्या. "पाचातली तीन तरी स्वतःच्या पायांनी निघाली, तर आत्या राहील. नाही निघाली, तर खेळ थेट यानातून सुरू करायचा. तळ नाही, आत्या नाही. हातात बंदूक, समोर शत्रू. मला त्यात आनंद नाही, काका. पण जो खेळ पहिल्या तासापुढे सरकत नाही, तो विकायचा कसा?"

 ज्या माणसाकडे हवामानापासून हरवलेल्या छत्रीपर्यंत कशाचीही गोष्ट तयार असे, तो गप्प बसलेला पाहून दाढीवाल्यालाही चुकल्यासारखं झालं. त्याने आपल्यापुढची बिस्किटांची बशी काकांकडे सरकवली.

आत्या गेली, तर भाचा कुणाचाच भाचा राहत नव्हता. तो का धावतो, का रडतो, का लढतो, सगळ्याचं उत्तर त्या एका बाईपाशी होतं. आणि काकांचं दुखणं त्याहून खोल होतं. कारण ती आत्या त्यांनी मनाने रचलेली नव्हती. काकांच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती जिचा पाया खरा होता, आणि ती त्यांच्या थोरल्या बहिणीची होती.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. जाऊन-येऊन दोन दिवस, भाड्याची जीप, घरातली नऊ माणसं आणि जीपमध्ये जागा आठांची. निघायच्या दिवशी ताईला ताप भरला आणि तिने आपली जागा तेरा वर्षांच्या धाकट्याला दिली. गोष्ट एवढीच. पण काका ती दर समारंभाला सांगत आणि दर समारंभाला ती अंग धरी. पहिल्यांदा ताप शंभर होता. पुढे तो एकशे चारवर गेला. मग ताई दारात उभी राहून हात हलवू लागली, मग तिचे डोळे भरून आले. अलीकडच्या आवृत्तीत तर जीपचा ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन हमसून हमसून रडत असे. ऐकणारे पदर डोळ्यांना लावत. ताई तिथेच बसलेली असे आणि ताटातलं निमूट संपवी.

लोकांना वाटे, काका मजा म्हणून सांगतात. खरं म्हणजे ते फेड म्हणून सांगत. आपण लग्नात पोट फुटेस्तोवर जेवलो आणि ताई घरी तापाने फणफणत एकटी पडली होती, ही बोच त्यांना तेराव्या वर्षी लागली ती गेलीच नाही.

बुधवारी अकरा वाजता ताई रेकॉर्डिंगला आली. खेळात खरी नटी बोलायच्या आधी संवाद कुणाकडून तरी नुसते वाचून घेतात. ऑफिसात त्याला 'कच्चा आवाज' म्हणत. आत्याचा कच्चा आवाज ताईचा होता. सत्तरी गाठलेली ताई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शहराशहरांच्या तारा जोडून जोडून तिचा आवाज असा घोटीव झाला होता की ती नुसतं "थांबा" म्हणाली तरी माणसं रांगेत उभी राहत.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये माइक, आणि काचेपलीकडे आवाजाची यंत्रं सांभाळणारा, ज्याला टाचणी पडलेलीही ऐकू येई म्हणून सगळे 'कानसेन' म्हणत. काका ताईशेजारी स्टुलावर बसले. ताईने हेडफोन चढवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि चौथ्या मसुद्याचा कागद हातभर लांब धरला.

"'जा बाळांनो, माझी काळजी करू नका. माझं आयुष्य जगून झालं.'" ती थांबली. "धाकट्या, हे काय आहे?"

"संवाद आहे."

"ते दिसतंय मला. असं कोण बोलतं? आयुष्य जगून झालं म्हणणाऱ्या बाईला एकटीला टाकून कोण जाईल? मला कुणी असं म्हणालं तर मी आधी डॉक्टर बोलावीन आणि घरातल्या सुऱ्या लपवीन."

काचेपलीकडे कानसेन फिसकन हसला.

"ताई, उद्या शेवटची चाचणी आहे," काका काकुळतीला आले. "आत्या पटली नाही तर तिला काढणार आहेत. जरा भाव आण ना. तो जीपचा दिवस आठव. तू दारात उभी, अंगात ताप, जीप वळणावरून..."

"मला ताप नव्हता."

"...वळणावरून दिसेनाशी... काय?"

"ताप नव्हता म्हणते. थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला होता."

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. माशी जाऊन परत आली असती.

"म्हणजे माझ्यासाठी? मला जागा मिळावी म्हणून खोटा ताप?"

"तुझ्यासाठी कशाला? तू तेरा वर्षांचा काडीपैलवान. तुला बाबांच्या मांडीवर नाहीतर टपावर कुठेही खुपसला असता. जागेचा प्रश्नच नव्हता रे. सगळे म्हणतच होते, सरकून बसू, सरकून बसू. मी म्हटलं, माझी परीक्षा जवळ आलीय. बाबा म्हणाले, पुस्तकं बरोबर घे. म्हटलं, धड कपडे नाहीत. मामीने स्वतःची ट्रंक उघडली. म्हटलं, जीपमध्ये मला मळमळतं. आजीने आल्याचा तुकडा हातावर ठेवला. एक कारण द्यावं तर हे त्यावर उपाय घेऊन हजर! शेवटी ताप काढला. तापावर तेवढ्या घाईत कुणाला काही सुचेना."

काका कागदाकडे बघत होते. परीक्षा, कपडे, मळमळ. जागा, हृदय, कळ. मामीची ट्रंक काय आणि दवाखान्यातली कपाटं काय!

"अगं, मग तुला हवं तरी काय होतं?"

ताईने हेडफोनचा एक कान बाजूला केला आणि भावाकडे नीट पाहिलं.

"हे तू अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. तुम्ही सगळे एकच विचारत होता, का येत नाहीस? का म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की माणसं ते दुरुस्त करायला धावतात. काय हवंय असं कुणी विचारलंच नाही."

"बरं, आता विचारतो. काय हवं होतं?"

"घर. रिकामं." ताई खुर्चीत मागे टेकली. तिचा एक्स्चेंजमधला कडक आवाज कुठल्या कुठे गेला. "दोन खोल्या, नऊ माणसं. बावीस वर्षांत मी दाराला एकटीने कडी लावली नव्हती. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात ना, तशी मी आधी कडी लावली. मग पलंग ओढत ओढत खिडकीखाली नेला आणि त्यावर आडवी झोपले. आडवी! भांड्यातूनच जेवले. एक तास अंघोळ केली. कुणी दार ठोठावलं नाही. एक कादंबरी सकाळी उघडली आणि संध्याकाळी मिटली, मध्ये एकदाही कुणी हाक मारली नाही. दोन दिवस कुणी म्हणजे कुणी 'ताई' म्हणून हाक मारली नाही रे. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तुमची आठवण यायला लागली. तीसुद्धा छान वाटली. माणसं समोर असली की त्यांची आठवण कुठून यायची?"

"आणि हे तू कधी बोलली नाहीस!"

"तू इतकं रंगवून सांगायचास. म्हटलं, कशाला पाणी ओता. ड्रायव्हर रडला तेव्हा मात्र मला खोकल्याचं निमित्त करून उठावं लागलं होतं."

काका हसले. आधी हलकेच, मग स्टूल धरून. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपले डोळे वाहताहेत आणि छातीवरचं काहीतरी खूप जुनं, खूप जड, कुणीतरी अलगद उचलून खाली ठेवलंय.

"म्हणजे मी तुझी जागा घेतली नव्हती?"

"घेतली असतीस तरी मी वर दोन रुपये दिले असते. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगते. अठ्ठेचाळीस वर्षं प्रत्येक गाडीत तू मला जबरदस्तीने खिडकीत बसवतोस ना, ते बंद कर. वारा लागून कान दुखतो माझा."

काकांनी डोळे पुसले आणि एकदम त्यांना आत्याची आठवण झाली.

"पण ताई, आत्याला असं रिकामं घर देता येणार नाही. ती मरेल ना. हवा नऊ दिवसांचीच आहे."

"किती जणांना?"

"पंधरा."

"आणि एकटीला?"

काकांनी बोटांवर हिशेब मांडायला सुरुवात केली. काचेपलीकडून कानसेनचा आवाज आला, "एकशे पस्तीस दिवस."

"आणि मदत यायला?"

"चार महिने. एकशे वीस," काका म्हणाले.

"मग पंधरा दिवस वर उरले की! मदत करणारे नेहमी उशिराच येतात, त्यासाठी असू देत ते." ताईने चष्मा काढला. "चार वर्षं लिहितोयस आणि एक भागाकार केला नाहीस? ती मरायला थांबलेलीच नाही, धाकट्या. तिला थांबायचंय म्हणून थांबलीय."

काकांना जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये माइक होता. त्यांनी कानसेनकडे वळून विचारलं, "मघापासून यंत्र चालू होतं का रे?"

"पहिल्या शब्दापासून," कानसेन म्हणाला. "बंद करायचं मला सुचलंच नाही."

दुपारभर काका आणि ताई त्या गादीवाल्या खोलीत बसले. काका लिहीत, ताई वाचे, पटलं नाही की कागद परत करी. काकांनी आत्याच्या डोळ्यांत एकदा अश्रू घालून पाहिला. ताईने तो बोटाने टिपावा तसा काट मारून काढला. संध्याकाळी पाचपर्यंत आत्या तयार झाली.

गुरुवारी पहिला आला तो एक शिंपी. पन्नाशीचा, गळ्यात टेप तसाच. चाचणीच्या खोलीत त्याने हेडफोन लावला. काचेअलीकडे मोठ्या बाई घड्याळ घेऊन बसल्या, दाढीवाला भिंतीला टेकला, आणि काका उभे राहिले. बसवेना त्यांना.

उल्का आदळली. भोंगे सुरू झाले. बाकीची तेरा माणसं यानात शिरली. शिंपी दारात थांबला आणि वळला, सगळे वळत तसाच. त्याने क्रेनचा आकडा उचलला. काकांनी डोळे मिटले.

"आत्या, चल," शिंपी पडद्याला म्हणाला आणि बोलायचं बटण दाबलं.

खिडकीशी उभ्या आत्याने मान वळवली. "नाही येत मी. मला इथे राहायचंय. सदतीस वर्षं चौदा जणांचं घोरणं ऐकलं, चौदा जणांची भांडणं सोडवली. तुम्ही गेलात की ही हवा मला एकटीला एकशे पस्तीस दिवस पुरते, आणि तुम्ही एकशे वीस दिवसांत परत येताय. तोवर मला या खिडकीत पाय वर घेऊन बसायचंय, आणि 'आत्या' म्हणून कुणी हाक मारायची नाही. आठवणीने या. पण लवकर येऊ नका."

शिंपी ख्याक करून हसला. मग गंभीर झाला. "अहो, आम्ही यानात गप्प बसू की!" असं म्हणत त्याने पुन्हा बटण दाबलं.

"तू? गप्प?" आत्या म्हणाली. "तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते मी तुला."

"बघा, कशी बोलते!" शिंपी खूश झाला आणि त्याने तिसऱ्यांदा दाबलं.

"तू इथे उभा आहेस तोवर माझी हवा खातोयस. नीघ आता."

"बरं बरं, चिडू नका." शिंप्याने आकडा खाली ठेवला. काकांनी डोळे उघडले. शिंपी यानाच्या दिशेने चालू लागला, दारापाशी पोचला, थांबला... आणि उलटा फिरून तळाच्या आतल्या बोळात शिरला.

"गेला औषध शोधायला," दाढीवाला पुटपुटला. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.  आता कुठली कुंडी आणतोय कोण जाणे!

शिंपी पहिल्या खोलीत गेला. कुणाचा तरी रेडिओ तिथे खरखरत होता. त्याने तो बंद केला. दुसऱ्या खोलीतला भोंगा बंद केला. तिसरीतली इशाऱ्याची घंटा. दाढीवाल्याने हौसेने प्रत्येक वाजणाऱ्या वस्तूला बटण दिलं होतं. आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता. चौथी, पाचवी, सहावी खोली. स्वयंपाकघरात एक नळ ठिबकत होता. शिंप्याने तोही आवळला.

"हा काय करतोय?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

 खोलीगणिक स्पीकरमधला कलकलाट कमी होत गेला. शेवटची घंटा थांबली तेव्हा तळावर फक्त हवेची बारीक सळसळ उरली. शिंपी परत आला. आत्या खिडकीत बसली होती. त्याने तिला हाक मारली नाही. यानात गेला, दांडा ओढला, आणि निघून गेला.

"पोचलो की मदत पाठवतो तिला," त्याने हेडफोन काढत चाचणी घेणाऱ्या मुलीला सांगितलं. "पण घाई नको करायला. एकशे तिसाव्या दिवशी पोचली तरी चालेल." मग जरा ओशाळून म्हणाला, "पुढे खेळू का? बंदर कुठे आहे?"

त्या दिवशी पाचही जण निघाले. तिघांनी जाताना तळ शांत केला. एका रिक्षावाल्याने एकही भोंगा बंद केला नाही. तो आपल्याच तंद्रीत होता, पण आत्याने नीघ म्हटल्याबरोबर "आलो जाऊन" म्हणून सरळ निघाला. दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र वीस मिनिटं आत्याच्या शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. आता ह्या अडणार म्हणून काकांनी नखं खाल्ली. मग बाईंनी सुस्कारा सोडला, "चला, आपली वेळ संपली," असं स्वतःलाच म्हणाल्या, आणि गेल्या.

मोठ्या बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं.

"माझ्या घरी सात माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "काका, त्या तळावर मला किती दिवस मिळतील?" मग भुवई जागेवर आली. "आत्या राहते. पण पुढचं बघावं लागेल. भाच्याने आता कशासाठी धावायचं?"

"तिला वेळेवर आणायला," काका म्हणाले. "फार आधी नाही, फार उशिरा नाही. तेवढ्यासाठी जग पालथं घालावं लागतं, बाई."

"मग भाचा ग्रहोग्रही म्हणत फिरतो ते सगळे 'आत्या, मला माफ कर' काढावे लागतील. किती आहेत?"

दाढीवाल्याने शोधून सांगितलं, "त्रेपन्न."

"काढा. आणि नटीला बोलवायला नको. आवाज हाच ठेवू, त्या हो म्हणाल्या तर."

काकांनी लगेच ताईला फोन लावला.

"राहिली," ते म्हणाले. "पाचच्या पाच निघाले, ताई! एकाने तर जाताना दोनशे घंटा..."

"किती?"

"...सोळा घंटा बंद केल्या."

"हां."

"आणि आवाज तुझाच ठेवायचा म्हणतात."

"ठेवा. तसंही मला ते पुन्हा म्हणायला जमणार नाही." पलीकडे कप ठेवल्याचा आवाज झाला. "बरं झालं रे. मला काळजी होती तुझी. आता हे सगळं सांगायला संध्याकाळी घरी येऊ नकोस हं. रविवारी ये."

"रविवारी येतो," काका म्हणाले, आणि त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

मग ते आपल्या टेबलाशी बसले. पडद्यावर पहिली माफी उघडली. भाचा एका वाळवंटी ग्रहावर गुडघे टेकून म्हणत होता, आत्या, मला माफ कर. काकांनी ती खोडली. दुसरी खोडली. दहावीपर्यंत ते शीळ घालू लागले होते. तिसावीला दाढीवाल्याने विचारलं, "काका, मदत करू का?"

"नको," काका म्हणाले. "ह्या माझ्या मलाच खोडू दे."